किलपेकचे ग्रामचर्च आणि लज्जागौरी : साम्याची मर्यादा

इंग्लंडमधील हेरफर्डशायर परगण्यात, वेल्सच्या सीमेलगत असलेल्या किलपेक या खेड्यातील चर्च इ. स. ११४० च्या सुमारास तांबूस वालुकाश्मात बांधले गेले. सभागृह, त्यापुढील वेदीचे दालन आणि शेवटी अर्धवर्तुळाकार अ‍ॅप्स एवढाच त्याचा विस्तार. शिल्पवैभव मात्र या आकाराला न शोभणारे आहे. दक्षिणद्वारावर सर्प, वेली आणि वेलींत गुरफटलेले योद्धे आहेत. छपराची कड तोलण्यासाठी भिंतीबाहेर आलेल्या दगडांवर, म्हणजे कॉर्बेलांवर, ऐंशीहून अधिक आकृती कोरल्या आहेत. त्यांतलीच एक, दोन्ही हातांनी योनी विस्फारणारी स्त्री, 'शीला-ना-गिग' या आयरिश नावाने ओळखली जाते.

ही आकृती लज्जागौरीशेजारी ठेवण्याचा मोह तौलनिक अभ्यासात वारंवार होतो. दोन्हींना एकाच आदिम मातृदेवतेच्या खुणा मानले की पुढचे विवेचन सोपे होते. पण त्यासाठी प्रतिमेला तिच्या जागेवरून उचलावे लागते. रा. चिं. ढेरे यांच्या 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात ही देवता उपासनेच्या, सुफलतेच्या परंपरेतून उलगडते. तेर, भोकरदन येथे मिळालेल्या लहान मूर्ती हाताळण्याजोग्या, पूजेच्या आवाक्यातल्या आहेत. मस्तकाच्या जागी बहुधा कमळ असते. व्यक्तीचा चेहरा नाहीसा करून प्रसवशक्ती तेवढी उरवलेली असते. किलपेकची स्त्री याच्या नेमकी उलट. तिचे डोके अवाढव्य, डोळे वटारलेले, देह खुरटा. ती गाभ्यात नाही, छपराखाली आहे, आणि कुत्रा-सशासारख्या प्राण्यांच्या रांगेत आहे. तिच्यापुढे फूल ठेवायला जागाच नाही. वीर आणि जर्मन यांनी १९८६ मध्ये अशा शिल्पांचा अर्थ वासनेविरुद्धचा धर्मोपदेश असा लावला. हा अर्थ निदान वास्तूशी इमान राखतो, जरी शेजारच्या सशाचे त्याला काय करावे हे कळत नाही.

तुलनेला खरा आधार मिळतो तो उगमात नव्हे, ग्रहणात. १८४२ मध्ये जी. आर. लुईस यांनी किलपेकची चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा या स्त्रीची आकृती बदलून, छातीची चीर उघडून हृदय दाखवणारा विदूषक म्हणून तिचे वर्णन केले. इकडे जिच्या आविर्भावात लज्जेचा लवलेश नाही, तिच्या नावातच लज्जा आली. एकाने रेषा बदलली, दुसरीकडे शब्दाने पदर ओढला. पाहणाऱ्याच्या संकोचाचा हा इतिहास दोन्हीकडे लिखित साधनांतून तपासता येतो. समान मातृदेवतेचा तसा तपासता येत नाही.