डोळे पुष्कळ, पण पाहायचं काय?

एरिक रेमंड यांचा ‘द कथीड्रल अँड द बझार’ हा 1997 सालचा निबंध आज आपण तपासतो आहोत. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवाले त्याला जवळजवळ पोथीचा मान देतात. रेमंड म्हणतात, आवृत्त्या लवकर आणि वारंवार बाहेर काढा, वापरणाऱ्यांना सहकारी माना. पाहणारे डोळे पुरेसे असले की कुठलाही बग अवघड राहत नाही.

वापरणाऱ्याला सहकारी मानणं आम्हांला मोलाचं वाटतं. आमचा आक्षेप ‘डोळ्यां’वर आहे. ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ एप्रिल 2014 मध्ये उघडकीला आला. कोड सगळ्यांपुढे उघडा होता, तरी बग दोन वर्षं तिथंच! यावर बचाव असा, की डोळे पुरेसे नव्हते. म्हणजे बघा, बग सापडला तर डोळे पुरेसे, नाही सापडला तर अपुरे. जे कधी खोटं ठरूच शकत नाही, त्याला नियम कसं म्हणायचं?

खोटं ठरण्याची ही कसोटी कार्ल पॉपर यांची. त्यांनीच व्हिएन्नात विद्यार्थ्यांना एकदा सांगितलं: कागद-पेन्सिल घ्या, निरीक्षण करा आणि लिहा. साहजिकच विद्यार्थ्यांनी विचारलं, निरीक्षण कशाचं? बीटा चाचणीचंही तसंच आहे. ‘नवी आवृत्ती वापरून बघा’ म्हटलं, की ‘छान चालतंय’ असं उत्तर येतं. त्यातून कळत काहीच नाही.

याउलट फेडोरा प्रकल्पाचे ‘टेस्ट डे’ पाहा. दिवस ठरलेला, विषय एकच, पायऱ्या लिहून दिलेल्या, काय घडायला हवं तेही लिहिलेलं आणि निकाल नोंदवायला तक्ता. लिब्रेऑफिसची बीटा मराठीतून तपासायची, तर ‘मराठी नीट दिसतं का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप करा, पीडीएफ काढा, तिथून तो कॉपी करून परत चिकटवा. ‘ऱ्या’ शाबूत राहिला का? याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच येईल, आणि नवखाही ते देऊ शकेल.

गंमत अशी, की फेचमेल लिहिताना खुद्द रेमंड आपल्या परीक्षकांना नेमाने पत्रं पाठवत, निर्णयांवर त्यांची मतं विचारत. म्हणजे डोळे आपोआप जमले नव्हते, ते जमवले होते. निबंधात हे सगळं आहे, पण वाचकांच्या लक्षात राहिलं ते डोळ्यांचं सूत्र. आपल्याकडचा आठवडी बाजारसुद्धा आपोआप भरत नाही. वार आणि जागा ठरवावी लागते, झाडलोट कुणीतरी करतं. स्वयंसेवक आपला वेळ फुकट देतो, म्हणून तो वेळ फुकटचा होत नाही. तो मागण्याआधी नेमका प्रश्न लिहून काढणं, आणि उत्तर आल्यावर त्याचं पुढे काय झालं ते कळवणं, एवढं तर आपण त्याचं देणं लागतोच.