हेरकथेतील दोन स्पर्धा

साहित्यातील स्पर्धा ही सर्वकाळ निंद्यच असते असे नाही. ती कशासाठी चालली आहे, यावर तिचे मोल ठरते. हेरकथा आणि रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखकांच्या बाबतीत हा प्रश्न एकदा विचारून पाहावा असे आम्हांस वाटते. समीक्षकांनी या वाङ्मयाला आपल्या पंगतीला बसू दिले नसले, तरी आपल्या घराघरांतून ते आवडीने वाचले गेले आहे.

मराठीत या प्रांताचे अनभिषिक्त सम्राट म्हणजे बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६). मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्या टोपणनावातला अर्नाळा वसईकडील आपल्या वाचकांना घरचाच आहे. धनंजय, झुंजार, काळा पहाड या त्यांच्या नायकांनी कित्येक घरांतील दिवे मध्यरात्रीपर्यंत जळत ठेवले. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने निघाल्याची नोंद गिनीज बुकात झाली. पुढे गुरुनाथ नाईक आले. त्यांचा कॅप्टन दीप खेड्यापाड्यांतल्या तरुणांना ठाऊक झाला. २०२१ साली नाईक निवर्तले, तेव्हा त्यांच्या नावावर बाराशेच्या आसपास पुस्तके असल्याचे सांगितले गेले. दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन यांचे जनक सुहास शिरवळकर (१९४८–२००३) मात्र याच वाटेवरून चालता चालता 'दुनियादारी'सारख्या सामाजिक कादंबरीकडे वळले.

या लेखकांनी एकमेकांशी वैर मांडले असे आम्ही म्हणत नाही. स्पर्धा होती ती वाचनालयाच्या फळीवर आणि एस. टी. स्टँडवरील पुस्तकांच्या गाड्यावर. तिचे माप होते संख्या. कोणाची पुस्तके अधिक, कोणाचा नायक अधिक धाडसी, कोणाचे पुस्तक आधी संपते, एवढाच हिशेब. या स्पर्धेने मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. ज्या घरात दुसरे पुस्तक नव्हते, त्या घरात ही पुस्तके गेली. परंतु हेर म्हणजे मुळात दुसऱ्याचा विश्वास संपादन करून तो मोडणारा माणूस. तो विश्वास मोडताना त्याच्या अंतःकरणात काय होते, हा प्रश्न या धावपळीत मागे पडला.

इंग्रजी साहित्यात याच प्रश्नावरून दोन थोर हेरकथाकार समोरासमोर उभे ठाकले. पहिले ग्रॅहम ग्रीन (१९०४–१९९१). १९२६ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश हेरखात्यात काम केले आणि तेथे किम फिल्बी हा त्यांचा वरिष्ठ होता. दुसरे जॉन ल कारे (१९३१–२०२०), तेही हेरखात्यातूनच आलेले. ल कारे यांच्या 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६३) या कादंबरीची ग्रीन यांनी मुक्तकंठाने स्तुती केली होती. त्याच १९६३ साली फिल्बी मॉस्कोला पळाला आणि तो आयुष्यभर रशियाचा हेर होता हे जगाला कळले.

१९६८ साली फिल्बीचे आत्मचरित्र निघाले आणि त्याला प्रस्तावना लिहिली ग्रीन यांनी. देशापेक्षाही मोलाच्या कशाशी वा कोणाशी आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी द्रोह केलेलाच असतो, असा त्यांचा सूर होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यात स्पेनच्या विजयाची वाट पाहणाऱ्या कॅथलिकांची उपमाही त्यांनी फिल्बीला दिली. त्याच वर्षी फिल्बीविषयीच्या दुसऱ्या एका ग्रंथाला ल कारे यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्याच्यावर कठोर शब्दांत आसूड ओढला. ग्रीन यांनी तिचा जाहीर निषेध केला. उतारवयात ग्रीन मॉस्कोला जाऊन फिल्बीला भेटले. ल कारे यांनी १९८७ साली चालून आलेली भेटीची संधी नाकारली.

ग्रीन आपले म्हणून त्यांचीच बाजू घ्यावी, हा मोह आम्हांस बाजूला ठेवावा लागतो. पाप्याविषयीची त्यांची करुणा ख्रिस्ती आहे, यात शंका नाही. परंतु १९४५ साली इस्तंबूल येथे व्होल्कोव्ह नावाचा रशियन अधिकारी ब्रिटिशांच्या आश्रयाला येऊ पाहत होता. फिल्बीने मॉस्कोला खबर दिली आणि त्या माणसाला पकडून नेण्यात आले. फिल्बीला क्षमा करताना व्होल्कोव्हचे नाव विसरणे ही अर्धीच करुणा होय. क्षमेपूर्वी सत्याचा उच्चार व्हावा लागतो, हे पापनिवेदनाला बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. शुभवर्तमान यहूदाचे कृत्य झाकीत नाही, आणि त्याच रात्री प्रभूने त्याला मित्र म्हणून संबोधले हेही सांगावयास चुकत नाही.

नवल असे की, ल कारे यांच्या आक्षेपाचे उत्तर कादंबरीकार ग्रीन यांनीच पुढे दिले. 'द ह्यूमन फॅक्टर' (१९७८) मध्ये कॅसल नावाचा अधिकारी पत्नीला वाचवणाऱ्याच्या उपकाराची फेड म्हणून रशियाला गुपिते पुरवतो. संशय मात्र त्याचा निरपराध सहकारी डेव्हिस याच्यावर येतो आणि तो जिवानिशी जातो. येथे द्रोह करणारा आपल्याला प्रिय होतो, आणि तरी त्याच्या द्रोहाची किंमत कोणी मोजली हे ग्रीन लपवीत नाहीत. प्रस्तावनेत जे निसटले, ते कलाकृतीत आले. ल कारे यांनीही मनाचा मोठेपणा दाखवला. 'द टेलर ऑफ पनामा' (१९९६) लिहिताना ग्रीन यांच्या 'अवर मॅन इन हॅवाना' (१९५८) या कादंबरीचे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले.

बीड जिल्ह्यातील आम्हां लोकांना हा वाद परका वाटू नये. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या धामधुमीत कोणी कोणाविषयी कोणाच्या कानी काय घातले, यावर माणसांचे प्राण अवलंबून होते. भीतीने, पैशाने वा पोटच्या पोराला वाचवण्यासाठी खबऱ्या झालेला शेजारी, आणि त्याच्या शब्दाने उद्ध्वस्त झालेले पलीकडचे घर, या दोघांना एकाच कादंबरीत सारख्याच ममतेने जागा देईल असा लेखक आमच्या मातीला हवा आहे. त्याने एकच पुस्तक लिहिले तरी चालेल. आपल्या मुलांच्या हाती अर्नाळकर वा नाईक दिसले, तर पालकांनी ते हिसकावून घेऊ नयेत. पुस्तक वाचून झाल्यावर एवढेच विचारावे: यात फसवला गेला तो कोण, आणि त्याचे पुढे काय झाले?