उद्यापन नसलेलें व्रत

इंग्रजी वाङ्मयांत खेळांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु खेळणाऱ्याविषयीं नव्हे, तर केवळ पाहणाऱ्याविषयीं लिहिलेलें चांगलें पुस्तक विरळा. निक हॉर्नबी ह्यांचें ‘फीव्हर पिच’ हें त्या विरळा पुस्तकांपैकीं एक होय. तें १९९२ सालीं प्रसिद्ध झालें, त्याच वर्षीं क्रीडाविषयक ग्रंथांना मिळणारें विल्यम हिल पारितोषिक त्याला मिळालें, आणि तेव्हांपासून इंग्लंडांत फुटबॉलच्या पाठिराख्यांची गोष्ट निघाली कीं ह्या पुस्तकाचें नांव निघतें. पुस्तक आतां जुनें झालें. तरी त्याचा परामर्श घेण्याचें कारण आमच्या दाराशींच आहे. मुळशी तालुक्यांत, पिरंगुटापासून पौडापर्यंतच्या रस्त्यावर, सायंकाळीं दिसणाऱ्या तरुणांच्या अंगावर आर्सेनल, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड अशा संघांच्या जर्सी असतात. हीं मुलें लंडनला कधीं गेलेलीं नाहींत, बहुधा जाणारही नाहींत. पण शनिवारचा सामना हरला कीं रविवारीं त्यांना जेवण गोड लागत नाहीं. वडील माणसें ह्याला खूळ म्हणतात, मुलें ह्याला निष्ठा म्हणतात. ह्या वादाचा निवाडा करण्यास हॉर्नबीचें पुस्तक फार उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

पुस्तकाच्या नांवांतच श्लेष आहे. भावनेचा ज्वर टिपेला पोहोंचणें हा त्याचा एक अर्थ. असा ज्वर आणणारें मैदान हा दुसरा. रचना रोजनिशीसारखी आहे. येथें प्रकरणांऐवजीं सामने आहेत: प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर एक सामना, त्याची तारीख, आणि त्या निमित्तानें लेखकाच्या आयुष्याचा एक तुकडा. पहिला सामना सप्टेंबर १९६८ मधला, हायबरी मैदानावरचा. आर्सेनल एक, स्टोक सिटी शून्य. लेखक तेव्हां अकरा वर्षांचा होता. आईबाप विभक्त झाले होते, आणि भेटीला आलेल्या मुलाशीं काय बोलावें, त्याला कोठें न्यावें, हें न सुचून बापानें त्याला फुटबॉल पाहावयास नेलें. त्या दिवशीं मुलाच्या मनांत भरलें तें खेळाचें सौंदर्य नव्हे. स्वतःचे पैसे देऊन आलेलीं एवढीं मोठीं माणसें इतकीं वैतागलेलीं कां दिसतात, ह्याचेंच त्याला नवल वाटलें. जिला जग करमणूक म्हणतें ती गोष्ट बहुतेक वेळीं क्लेशदायकच असते, आणि तरीही माणसें पुन्हां पुन्हां येतात, हा साऱ्या पुस्तकाचा सिद्धान्त आरंभींच बीजरूपानें येऊन गेला आहे.

क्लेशांना फार वेळ लागला नाहीं. मार्च १९६९ मध्यें लीग कपाच्या अंतिम सामन्यांत तिसऱ्या वर्गांतल्या स्विंडन टाऊन संघानें आर्सेनलला ३-१ असें हरविलें, आणि वेम्बलीहून परतलेल्या ह्या मुलाला दुसऱ्यांच्या पायांनीं झालेल्या पराभवाची लाज शाळेंत स्वतःच्या तोंडावर वागवावी लागली. १९७१ सालीं लीग व एफ. ए. कप हीं दोन्ही विजेतेपदें एकाच वर्षीं मिळालीं. पण त्यानंतर लीगचें विजेतेपद पुन्हां मिळावयास अठरा वर्षें लागलीं. ह्या अठरा वर्षांत लेखक केंब्रिजला शिकला, शिक्षक झाला, खिन्नतेच्या विकारानें ग्रासला आणि सावरला. संघ मात्र तोच राहिला. आमच्याकडे व्रत म्हणतात तें असेंच असतें. आज मन नाहीं म्हणून नेम मोडतां येत नाहीं. पण आमच्या व्रतांना फलश्रुति असते, आणि ठरलेल्या मुदतीनंतर उद्यापन करून माणूस मोकळा होतो. ह्या व्रताला फळाची हमी नाहीं, आणि उद्यापन तर नाहींच.

उद्यापनाचा भास व्हावा असा दिवस एकदां येतो: शुक्रवार, २६ मे १९८९. हंगामाचा शेवटचा सामना लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, आणि विजेतेपदासाठीं आर्सेनलला तेथें दोन गोलांच्या फरकानें जिंकणें भाग. घड्याळ संपत आलें तरी एकच गोल झालेला. मग अगदीं अखेरच्या मिनिटांत मायकेल थॉमसनें दुसरा गोल केला. गुण सारखे, गोलांचा फरकही सारखा. केवळ एकूण गोल अधिक म्हणून विजेतेपद आर्सेनलकडे गेलें. ह्या आनंदाचें वर्णन करतांना लेखक जगांतल्या साऱ्या मान्यताप्राप्त सुखांशीं त्याची तुलना करून पाहतो आणि एकेक उपमान बाजूला सारतो. त्याचें म्हणणें आम्हांस पटतें. ज्या सुखाची अठरा वर्षें वाट पाहिली, जें आपल्या हातचें मुळींच नव्हतें, आणि ज्याची आशा शेवटच्या मिनिटापर्यंत सोडून दिली होती, त्याला संसारांतलें दुसरें सुख तुल्य कसें व्हावें? पराभवांचीं तीं सर्व पानें वाचल्यावांचून ह्या एका पानाची किंमत कळत नाहीं. जो पाठिराखा जिंकणारा संघ पाहून दर वर्षीं पक्ष बदलतो, त्याला हें पान मिळतच नाहीं.

तथापि आमच्या मतें पुस्तकांतलें सर्वोत्तम टिपण विजयाचें नाहीं. तें गस सीझर ह्या खेळाडूविषयींचें आहे. १९८८ च्या लीग कपाच्या अंतिम सामन्यांत ल्यूटनविरुद्ध त्याच्या पायांतून चूक झाली, बरोबरी झाली, आणि आर्सेनल ३-२ असा हरला. पाठिराख्यांनीं त्याला कधीं क्षमा केली नाहीं. हॉर्नबी येथें थांबून विचारतो कीं, हा मुलगा आपल्या शाळेंत, आपल्या गांवांत, आपल्या वयाच्या साऱ्या मुलांत श्रेष्ठ ठरला असेल. म्हणूनच तो आर्सेनलपर्यंत आला. मग आपली गुणवत्ता पुरेशी नाहीं हें त्याला केव्हां आणि कसें कळावें? गुण खरा, श्रद्धाही खरी, आणि तरी अपुरेपण उरतेंच. दर वर्षीं वर्गांत नव्या आशेनें येणारीं मुलें पाहणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला हें टिपण वाचून कांहीं काळ पुस्तक मिटून ठेवावें लागलें.

दोष नाहींत असें नव्हे. खेळाडूंचीं नांवें अपरिचित असलेल्या वाचकाला मधलीं पानें जड जातात. घरांतलीं माणसें, विशेषतः स्त्रिया, ह्या कथेंत डोळ्यांच्या कोपऱ्यांतून दिसतात. आणि लेखक स्वतःची थट्टा इतक्या प्रेमानें करतो कीं, ती थट्टा कित्येकदां लाडच वाटते. परंतु जेथें गंभीर व्हावयास हवें तेथें तो होतो. मैदानावर कृष्णवर्णी खेळाडूंना उद्देशून होणाऱ्या आरोळ्यांची त्याला लाज वाटते. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनें ९७ जणांचे प्राण घेतले. ती घडली त्याच हंगामाच्या अखेरीस आर्सेनलचा तो विजय आला. हीं दोन्ही टिपणें एकाच पुस्तकांत जवळजवळ येतात, आणि लेखक एकाच्या तेजांत दुसरें झांकून टाकीत नाहीं, हें आम्हीं त्याच्या सचोटीचें लक्षण मानतो.

आतां आमच्या दारच्या प्रश्नाकडे वळूं. हॉर्नबी हा हायबरीचा रहिवासी म्हणून वाढला नाहीं. तो मेडनहेड ह्या उपनगरी गांवांत वाढला, आणि ज्याला स्वतःची अशी बोली नाहीं, परंपरा नाहीं, अशा गांवच्या मुलानें उत्तर लंडनचें नागरिकत्व कसें उसनें घेतलें, हें त्यानें मोकळेपणानें सांगितलें आहे. ‘आम्ही कोठले?’ ह्या प्रश्नाला त्याला आर्सेनलनें उत्तर दिलें. मुळशीच्या वाचकाला हें पान परकें वाटणार नाहीं. येथलीं गांवें धरणाखालीं जाऊं नयेत म्हणून १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं झालेला सत्याग्रह महाराष्ट्राला ठाऊक आहे. पाणी चढलें, गांवें गेलीं. त्यानंतर शहर चढूं लागलें: हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्या, पिरंगुटास कारखाने, भूगांवास इमारती. आजा ज्या शेताच्या नांवानें ओळखला जाई तें शेत नातवाकडे नाहीं, आणि जत्रेंतल्या कुस्त्यांच्या फडांतही सर्वांनाच उतरतां येत नाहीं. अशा मुलाला ‘आम्ही’ हा शब्द उच्चारण्याची एक जागा हवी असते. ती त्याला दूरच्या संघांत सांपडली, तर तिला खूळ म्हणून हंसणें न्यायाचें नव्हे. ज्या पिढीनें हार्डीचा वेसेक्स न पाहतांच त्याच्या वाटा पाठ केल्या, तिला तर हा उपहास मुळींच शोभत नाहीं.

पण म्हणून मुळशीचा पाठिराखा आणि हॉर्नबी एकच, असेंही आम्ही म्हणणार नाहीं. १९८९ चा तो विजय हॉर्नबीनेंही दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच पाहिला. परंतु गोल होतांच तो घराबाहेर धांवत सुटला, आणि रस्त्यावर त्याचा आनंद वांटून घेणारीं माणसें त्याला भेटलीं. आमच्याकडे इंग्लंडांतला सायंकाळचा सामना हिंवाळ्यांत रात्रीं दीड वाजतां सुरू होतो. तो संपतो तेव्हां आळींतलें एकही दार उघडें नसतें. मुलाला आनंद दाबून धरावा लागतो, दुःखही अंथरुणांतच गिळावें लागतें. भावना खरी आहे. तिला शेजार नाहीं. आणि शेजार नसला कीं अधिकारही नसतो. एप्रिल २०२१ मध्यें आर्सेनलसह सहा इंग्रजी संघांच्या मालकांनीं यूरोपांतल्या धनाढ्य संघांची निराळी स्पर्धा काढण्याचा घाट घातला. जगभरच्या पडद्यांपुढें बसलेला गिऱ्हाईक आपल्या मागें येईल, हाच त्यांचा हिशेब असावा. ती योजना दोन दिवसांत कोसळली, आणि ती कोसळविण्यांत मैदानाच्या फाटकाशीं जाऊन उभ्या राहिलेल्या पाठिराख्यांचा मोठा वांटा होता. मुळशीचा पाठिराखा मालकाच्या हिशेबांत होता. फाटकाशीं मात्र तो नव्हता.

मग फाटकाशीं उभें राहण्याची संधि त्याला कोठेंच नव्हती काय? मुळशीच्या वेशीवर बालेवाडीचें क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठीं तें उभें राहिलें. तेथें एफ. सी. पुणे सिटी हा संघ २०१४ पासून खेळत असे, आणि २०१९ सालीं तो बंद झाला. त्याआधीं २०१२-१३ च्या आय-लीगमध्यें दुसरा आलेला पुणे एफ. सी. हा संघ २०१५ सालीं संपला. संघ बंद पडण्यास पैशाचीं कारणें असतात, हें आम्ही जाणतो. परंतु ज्या संघाचा पराभव साऱ्या पेठेचा पराभव ठरतो तो असा मुकाट्यानें नाहींसा होत नाहीं. ह्याचा पडताळा कोल्हापुरांत पाहावा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हीं तेथल्या तालीम मंडळांचीं नांवें कुस्तीच्या परंपरेंतलीं. त्याच मंडळांचे फुटबॉल-संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि पेठाच्या पेठा लोटतात. त्या मातींतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला. कुस्तीच्या तालमी मुळशींतही आहेत; फुटबॉल मात्र येथें तालमींतून न येतां पडद्यांतून आला, एवढाच फरक.

ह्या बाबतींत हॉर्नबीच्या पुस्तकांतला एक तपशील आमच्या तरुणांनीं लक्षांत घ्यावा. केंब्रिजला शिकत असतांना त्यानें आर्सेनल सोडला नाहीं. पण तेथल्या केंब्रिज युनायटेड ह्या लहानशा संघाचे सामनेही तो पाहूं लागला, आणि त्या संघाच्या सुखदुःखांत गुंतला. दूरच्या निष्ठेनें जवळची निष्ठा अशक्य होत नाहीं. तीन तासांची झोंप जो मुलगा लंडनसाठीं खर्च करतो, त्यानें त्यांतला एक तास पौडच्या मैदानावर चेंडू मारणाऱ्या आपल्याच गांवच्या पोरांसाठीं द्यावा, इतकेंच आमचें मागणें आहे. तेथें त्याच्या ओरडण्यानें कोणी तरी मान वळवून पाहील.

पुस्तकांतलें हायबरी मैदान आतां राहिलें नाहीं. २००६ सालीं आर्सेनलनें तें सोडलें. जुन्या प्रेक्षागारांच्या जागीं सदनिका झाल्या आणि खेळपट्टीच्या जागीं बाग. जमिनीचा भाव वाढला कीं लंडनांतही तेंच होतें जें भूगांवांत होतें. तरी त्या मैदानावरचे शनिवार ह्या पुस्तकांत जसेच्या तसे शाबूत आहेत, कारण तेथें पाय भिजवून उभ्या राहिलेल्या एका माणसानें ते लिहून ठेवले. ज्या घरांत बापलेकांचा रात्रीं दीड वाजतां दिव्यावरून खटका उडतो, त्या घरांत हें पुस्तक अवश्य जावें. मुलानें तें आधीं वाचावें आणि मग बापाला द्यावें. कारण ह्या कथेचा आरंभ, शेजारीं बसलेल्या मुलाशीं काय बोलावें हें न सुचलेल्या एका बापापासूनच झाला आहे.