मराठी ख्रिस्ती उपासनेतील समूहगान

देहू-आळंदी मार्गावरील तळवड्याच्या परिसरात नांदणारी भजनपरंपरा १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती उपासनेत रुजविली. हा बदल केवळ काव्यरचनेचा नव्हता, गायनव्यवस्थेचाही होता. इंग्रजी स्तोत्रांच्या चालींत आघातस्थाने ठरलेली असतात. त्यांवर बसविलेल्या मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ अनेकदा विपर्यस्त होतात. अक्षरसंख्येवर उभा असलेला अभंग चालीला शब्दामागून जाऊ देतो. चार आवाजांच्या वृंदगानातील स्वरमेळाचे गांभीर्य भजनात नाही, हे खरे. परंतु त्या गानाला शिक्षित गायकवृंद लागतो आणि उर्वरित मंडळी श्रोते होतात. भजनात ध्रुपद उचलणारा निरक्षर उपासकही गायक ठरतो. म्हणून टिळकांच्या पदांची परीक्षा केवळ वाचनाने न होता समूहाच्या कंठातून झाली पाहिजे.