पडद्यावरची नाव आणि पायाखालची वाट

वाट लक्षात ठेवण्याची शक्ती मोजायची कशी, हा आजचा प्रश्न. जागेची स्मृती म्हणजे कुठून आलो, कुठे वळलो, परत कसं जायचं याची आठवण. अल्झायमरमध्ये ती बऱ्याचदा लवकर डळमळते. शब्दांची यादी पाठ म्हणून दाखवणारा माणूस वाट चुकणारच नाही, असं काही नसतं. म्हणून संशोधक आभासी जगाकडे वळले. त्यातला एक फार मोठा प्रयोग आज आपण तपासू: 'सी हीरो क्वेस्ट'.

हा मोबाइलवरचा खेळ 2016 साली आला. पैशाचं पाठबळ डॉइश टेलिकॉमचं. शास्त्रीय बाजू सांभाळणाऱ्यांत ह्यूगो स्पायर्स आणि मायकेल हॉर्नबर्गर. आधी नकाशा दाखवतात, मग तो नाहीसा होतो. आता नाव हाकत, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांपर्यंत ठरलेल्या क्रमाने पोचायचं. तुमची नाव किती लांबून फिरली, हे मोजलं जातं. 40 लाखांहून जास्त लोक हा खेळ खेळले. प्रयोगशाळेत एवढी माणसं कधी जमली असती?

श्रेय द्यायलाच हवं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अल्झायमरचा धोका वाढवणारं एपीओई-ई4 जनुक असलेले पण धडधाकट लोक या खेळात लांबच्या वाटांनी गेले. नेहमीच्या स्मृतिचाचण्यांनी त्यांना वेगळं ओळखलं नव्हतं. ही मोठी गोष्ट आहे.

पण पडद्यावर वाट शोधणं म्हणजे रस्त्यावर वाट शोधणं का? खरोखर चालताना पाय, स्नायू आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव, सगळे मेंदूला 'वळलो, वळलो' असं सांगत असतात. पडद्यासमोर शरीर स्वस्थ बसलेलं. काम करतात ते डोळे आणि बोटं.

हा प्रश्न संशोधकांनी टाळला नाही, बरं का. 49 जणांना त्यांनी लंडन आणि पॅरिसच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष चालवलं. खेळातली कामगिरी आणि रस्त्यावरची कामगिरी यांचा संबंध दोन्ही शहरांत दिसला; व्हिडिओ गेमची सवय हिशेबात घेतली तरी टिकला. मात्र पुरुष आणि स्त्रियांमधला फरक खेळात 0.89 होता, तर त्याच मापाने रस्त्यावर 0.59. फरकाचा काही भाग स्मृतीचा नसून पडद्याचा असावा, असं आम्हांला यावरून वाटतं.

शिवाय हे सगळे 18 ते 35 वयाचे होते. ज्यांच्यासाठी चाचणी हवी, ते तर म्हातारे! पुढे 54 ते 74 वयाच्या लोकांवर पडताळा घेतला गेला. तेव्हा मध्यम अवघड पातळीचा रस्त्यावरच्या कामगिरीशी मेळ बसला. सोप्या आणि फार अवघड पातळ्यांचा बसला नाही. म्हणजे एकच मोजपट्टी सगळ्या वयांना लावून चालत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: हजारो लोकांची तुलना करायला हे साधन उत्तम आहे; एका माणसाचा निवाडा करायला ते एकटं पुरेसं नाही. उद्या आपल्या घरातल्या आजीच्या हातात कुणी टॅबलेट दिला आणि गुण कमी आले, तर 'आजीची स्मृती गेली' असं म्हणण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. सरावाला वेळ दिला होता का? तिच्या वयाच्या, तशाच सवयींच्या लोकांशी तुलना केली का? आणि ती बाजारातून एकटी घरी येते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चाचणी घेणाऱ्याने द्यायची. तिसऱ्याचं उत्तर पडद्यावर मिळणार नाही. त्यासाठी आजीबरोबर बाजारापर्यंत चालत जावं लागेल.