विनोदाला दुःखाची जामीनकी

मराठी नटांवरील चरित्रपटांची गेली काही वर्षे जी रीघ लागली आहे, तिच्यात हसवणाऱ्या पुरुषाची पाळी आली की माझा जीव धास्तावतो. कारण त्याच्या कलेला प्रतिष्ठेची सनद द्यायची तर आधी त्याच्या घरातील दुःखाचा पंचनामा दाखल झाला पाहिजे, असा अलिखित दंडकच पडून गेल्यासारखे दिसते. ‘भाई – व्यक्ती की वल्ली’ (२०१९) आल्यावर चर्चा झाली ती पुलंच्या सिगारेटची आणि पेल्याची. भगवानदादांचे नाव निघाले की १९५१ च्या ‘अलबेला’तील त्या संथ, डुलत्या पदन्यासाआधी दादरच्या चाळीतील त्यांची अखेरच ऐकावी लागते. (‘आहे मनोहर तरी’चा दाखला कोणी पुढे करू नये, त्यात पुलंच्या पत्नी सुनीताबाईंनी स्वतःचा हिशेब मांडला होता, पुलंच्या विनोदाचे निदान केले नव्हते.)

या साऱ्या प्रकारात सर्वांत मोठा अन्याय झाला आहे तो दादा कोंडके यांच्यावर. गिरणगावातल्या नायगावात १९३२ साली जन्मलेल्या या माणसाच्या जवळच्या व्यक्ती तरुणपणी लागोपाठ गेल्या, संसार मोडला, घटस्फोट झाला, आणि १९९८ मध्ये ते गेल्यानंतर त्यांच्या मालमत्तेचा तंटा न्यायालयापर्यंत पोचला, हे सारे खरे. परंतु या दुःखातून तो विनोद जन्मला असे जे आता शहाजोगपणे सांगितले जाते, त्याला आधार काय? गिरणगावातील चाळींत दुःखाचा तुटवडा कधीच नव्हता, तरी ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यातला दादांचा हवालदार त्या साऱ्या चाळींतून एकच निघाला. त्यांच्या आत्मकथनाचे ‘एकटा जीव’ हे नाव ज्यांना एकाकीपणाचा कबुलीजबाब वाटते, त्यांना १९७२ चा ‘एकटा जीव सदाशिव’ आणि त्या वेळी थिएटरात उसळलेले हसू यांचा विसर पडलेला असतो.

दादांची घडण शोधायची तर ती बँडपथकात, सेवादलाच्या कलापथकात आणि १९६५ साली वसंत सबनिसांनी लिहिलेल्या ‘विच्छा’च्या वगात शोधावी लागते. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमाने चढत जाणाऱ्या तमाशाच्या बांधणीत सोंगाड्याला जी मोकळी जागा ठेवलेली असते, ती त्या दिवशीच्या वर्तमानपत्राने, समोर बसलेल्या पुढाऱ्याने, किंवा मागून आलेल्या एखाद्या आरोळीने भरून काढणे आणि तरीही कथेचा धागा सुटू न देणे, ही विद्या दादांनी हवालदाराच्या भूमिकेत अशी आत्मसात केली होती की संहिता कोठे संपते आणि दादा कोठे सुरू होतात हे सांगणे कठीण व्हावे. ‘सोंगाड्या’त (१९७१) ढगळ अर्धी चड्डी, लोंबती नाडी आणि आईच्या आज्ञेत वाढलेल्या नाम्याचा निरागस चेहरा घेऊन ते पडद्यावर आले, तेव्हा द्व्यर्थाची सारी जबाबदारी त्यांनी ऐकणाऱ्यावर टाकली: बोलणारा साळसूद, गुन्हेगार तो हसणारा. सेन्सॉर बोर्डाशी त्यांचे जन्मभर वाजले ते याच मुद्द्यावर, आणि माझ्या मते दादांची बाजू खरी होती.

पुढील हिंदी चित्रपटांत ती धार बोथट झाली हे मीही नाकारणार नाही. पण त्याचे कारण घरातील एकटेपण नव्हे. सबनिसांच्या लेखणीचा आधार सुटत गेला आणि उलट उत्तर देणारा प्रेक्षक समोरून नाहीसा झाला, हे आहे. इंग्रजांच्या टोनी हँकॉक या विनोदी नटाची कथा याहून निराळी नाही. त्याने १९६८ मध्ये सिडनीत आत्महत्या केली, म्हणून त्याच्या कथेत मद्य आणि बायकाच आधी येतात, आणि बीबीसीनेही २००८ मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला तो त्याच्या एका प्रेमप्रकरणाचा. पण गॅल्टन आणि सिम्पसन या ज्या लेखकद्वयाने त्याला घडवले, त्यांच्याशी १९६१ मध्ये त्याने फारकत घेतली आणि तेथून उतरण सुरू झाली, ही गोष्ट नाटकाच्या उपयोगाची नसल्यामुळे तळटीपेत पडून राहते.

आमच्या मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याच्या देहावर बावन्न माणसे उभी केली, त्यासाठी त्यांच्या खाजगी दुःखाची चौकशी करण्याची गरज येथे हदगावात कोणाला भासली नाही, कारण प्रयोग चालू असताना चौकशीला सवडच मिळत नसे. माळेगावच्या जत्रेत तमाशाच्या फडासमोर बसणारा शेतकरीही सोंगाड्याला त्याच्या संसाराविषयी विचारत नाही. हसू आले नाही तर तो उठून जातो. ज्या नागर समीक्षकांनी दादांना हयातीत अश्लील म्हणून हद्दपार केले, तेच आज त्यांच्या अश्रूंच्या आधारे त्यांना माफी देऊ पाहत आहेत, पण ही माफी मागितली कोणी? दादांवर चित्रपट काढू इच्छिणाऱ्याने घटस्फोटाचे कागद दप्तरात राहू द्यावेत आणि ‘विच्छा’चा एक अख्खा प्रयोग, बतावणीसह, पडद्यावर उभा करून दाखवावा, आणि ती भूमिका करणाऱ्या नटाला बतावणीच येत नसेल, तर त्याला रडण्याची तालीम कशासाठी द्यायची, हे निर्मात्यानेच सांगावे.