राणोजींचे जोडे

उज्जैनीस शिंद्यांची गादी मांडणाऱ्या राणोजींचे मूळ शोधू जाता वाचकाच्या हाती प्रथम लागतात ते पेशव्यांचे जोडे. मालकमच्या १८२३ च्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथातील कथा सर्वश्रुत आहे. शाहूमहाराजांची भेट आटोपून पेशवे बाहेर आले, तो राणोजी निद्रिस्त. परंतु धन्याचे जोडे छातीशी घट्ट धरलेले. त्या निष्ठेने त्यांचे दैव उघडले.

कथा गोड आहे, म्हणूनच तिच्याविषयी साशंक राहावेसे वाटते. मालकम हा स्कॉटलंडातील, आर्थिक विपत्तीत सापडलेल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. कोवळ्या वयात कंपनीच्या फौजेत शिरून स्वकर्तृत्वाने वर चढलेला. परक्याच्या कुळकथेत त्यास आपलीच छाया दिसली नसेल कशावरून? त्याचाच देशबंधू ग्रँट डफ १८२६ मध्ये जोड्यांची कथा सांगतो खरी, पण जपून. आणि तिच्यापूर्वी तो कण्हेरखेडच्या पाटील घराण्याची औरंगजेबाकडील मनसब व त्या घरची शाहूंना दिलेली कन्या यांचा उल्लेख करतो. राणोजींच्या वेळी घराणे हलाखीस आले होते, एवढेच. मालकमनेही त्यांस वंशपरंपरेचे पाटील म्हटले आहे. पण वाचकांच्या स्मरणात राहिले ते जोडेच.

माझ्या मते या कथेची किल्ली १७९२ च्या पुण्यातील प्रसंगात आहे. बादशाही मानमरातब घेऊन आलेले महादजी सवाई माधवरावांसमोर गाठोड्यातून नवे जोडे काढतात आणि हाच आपला वडिलोपार्जित धंदा असे सांगतात. इतिहासकारांनी यात विनयाचे नाटक तेवढे पाहिले. परंतु महादजींचे औरसत्व वादग्रस्त होते; त्यांच्या वारसाहक्कास पूर्वी हरकतही घेतली गेली होती. ज्याच्या पुत्रत्वाविषयीच शंका, त्याने पित्याचा वारसा म्हणून दौलत न दाखविता जोडे दाखवावेत, ही विनयाहून फार निराळी गोष्ट होय. ती भर दरबारात मांडलेली वंशावळच म्हणावयाची.

दोन्ही स्कॉटिश ग्रंथ या प्रसंगानंतर तीस-पस्तीस वर्षांनी झाले. तेव्हा राणोजींची कथा पुत्राच्या मुखातूनच देशभर पसरली असावी, असा माझा तर्क आहे. १७९२ पूर्वीच्या एखाद्या मराठी पत्रात तिचा उल्लेख कोणी दाखविल्यास तो मागे घेण्यास मी सिद्ध आहे.